लाल ठिपका

पेशी निकामी प्रथिनांवर खूण करते आणि मग त्यांचा चुरा करते, याच्या अभ्यासात सरांनी उभी हयात घालवली. लॅबमध्येही त्यांचा तोच खाक्या. जो सोडून गेला, त्याच्या नमुन्यांच्या नळ्यांवर लाल ठिपका द्यायचा आणि थेट कचऱ्यात टाकायच्या. एक विद्यार्थिनी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली, तर तिची सगळी मेहनत अशीच गेलेली. "मला वाटलं, तू कसली परत येतेस," सर म्हणाले होते.

आता तीच विभागप्रमुख आहे. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सर राहिलेलं काम पुरं करायला आले, तर त्यांचा फ्रीझर रिकामा आणि ती लाल पेनाला टोपण लावत उभी.

"अगं, माझे नमुने?"

 

"बसा ना सर," ती म्हणाली. "त्या रजेत झालेली माझी लेक यंदा कॉलेजात गेली."