पुलापलीकडची आई

"आता पलीकडे आईंकडे न जायला काय कारण आहे?" यानिराने नवऱ्याला विचारलं.

ओविदियो बूट पुसत होता. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. कालही देशात एकही खून झाला नव्हता आणि लष्कराने आणखी टोळीवाले उचलले होते.

"मी तुझ्याशी बोलतेय."

"ऐकतोय ना. पण बातम्यांचं काय खरं? आज उचलले, उद्या सोडतील."

"समोरच्या न्हाव्याची सासू काल पूल ओलांडून गेली, बहिणीकडे मक्याच्या गरम पुपुसा खाऊन आली. त्या म्हातारीला कोणी हात लावला नाही, आणि तुला लावणार?"

ओविदियोने बुटाला उगाच पुन्हा पॉलिश लावलं.

घळीच्या अलीकडे एक टोळी, पलीकडे दुसरी, मध्ये एवढासा पूल. ओळखपत्रावर पलीकडचा पत्ता दिसला की माणूस गेलाच म्हणून समजा. त्यामुळे ओविदियोच्या लग्नात त्याची आई नव्हती, याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट सासूबाईंनी "बिच्चारी माउली!" म्हणून डोळे पुसले. पुढे हिमेनाचा जन्म झाला, तिच्या बाप्तिस्म्याचं जेवण झालं. तेव्हाही तेच.

दर रविवारी तो आईला फोन करायचा आणि न चुकता बजावायचा.

"तू इकडे येऊ नकोस हं. आणि तुझा मुलगा इकडे राहतो हे कोणाला सांगू नकोस. टोळीवाल्यांना कळलं तर मला उडवतील."

"बरं बाबा," रुफिना म्हणायची. "तू जीव सांभाळ."

नळावरच्या एका बादलीसाठी सगळी वस्ती डोक्यावर घेणारी बाई ती, पण इथे कधी वाद घातला नाही. नातीचा फोटोसुद्धा कधी मागितला नाही. शाळेचं नाव तेवढं एकदा विचारून घेतलं. ओविदियोला तेही बरंच वाटलं. फोटो मागितला असता तर भेटीचा विषय निघाला असता.

आता खरं काय ते सांगायला हवं. पहिल्या वर्षी तो खरोखरच घाबरला होता, त्यात खोटं नाही. पण भीती हळूहळू ओसरली आणि तिचा उपयोग तेवढा उरला. विमा कंपनीतली नोकरी, गळ्यात टाय, सासऱ्यांचं शहरात, टोळ्यांच्या हद्दीबाहेर, औषधांचं मोठं दुकान. लग्नाच्या आधी रुफिना एकदा त्या दुकानात आली होती. कमरेला मळका एप्रन, पुढचा दात पडलेला. भर गिऱ्हाइकांत सासऱ्यांना म्हणाली, "आता नातं होणार, तेव्हा पोटातल्या वाताच्या गोळ्या फुकट ना हो?" आणि खदाखदा हसली. ओविदियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांचे कपडे धुऊन जिने आपल्याला शिकवलं, तिची लाज वाटली, मेल्याला! आणि त्या लाजेचीही लाज वाटली. टोळीवाल्यांनी त्याची दोन्हींतून सुटायची सोय करून दिली.

तर सोय आता संपली होती. सगळी वस्ती देवाचे आभार मानत होती, आणि ओविदियो नवीन कारण शोधत होता. आईने यानिरादेखत एवढंच विचारलं, की का रे, इतर माणसं कशीबशी येत-जात होती, तुलाच कसं जमलं नाही? तर? यानिरा काही दूधखुळी नव्हती. आठ वर्षं नवरा खोटं बोलत आला हे तिला कळलं, तर तिला आणि पोरीला त्याने कुठल्या तोंडाने सामोरं जायचं?

शेवटी रविवारी यानिरानेच चीजचा गोड पाव बांधून घेतला आणि त्याला ओढून नेलं. पुलावर शिपायाने ओळखपत्र पाहिलं आणि जांभई देत "जा" म्हणाला. इतकंच.

"पप्पा, आजी कशी दिसते?" हिमेनाने विचारलं.

"म्हातारी," ओविदियो म्हणाला. आणखी काही सांगायला त्याला आठवेना, आणि त्याचे कान तापले.

दार उघडंच होतं. त्याने हाक मारली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, पण बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही.

"आई, आम्ही आलोय. सगळेच."

रुफिना पडद्याआडून आली ती एप्रनने अर्धा चेहरा पुसत. यानिराने तिला घट्ट मिठी मारली.

"आई, किती वर्षं वाया घालवली हो या मुडद्यांनी!"

"हो ना बाई," रुफिना म्हणाली. तिने यानिराच्या खांद्यावरून मुलाकडे पाहिलं. "पुलावर चिटपाखरू फिरकत नव्हतं. माझा ओविदियो तरी काय करणार? यायचं म्हटलं असतं तरी कोण येऊ देणार होतं?"

ओविदियोने खाली मान घातली. शरमेने त्याला वर बघवेना, पण छातीवरचं ओझंही उतरलं. आईचा विश्वास बसला होता. आता कोणी काही विचारणार नव्हतं.

"अगं हिमेना, मागे काय लपतेस? आजीला पापा दे," यानिरा म्हणाली आणि बाजूला झाली.

रुफिनाने चटकन ओठांवर बोट ठेवलं. पण पोरगी तोवर टाळ्या पिटत धावली होती.

"मम्मी, ही तर आमच्या शाळेच्या फाटकावरची आंबेवाली आजी! मी बालवाडीत होते ना, तेव्हापासून मधल्या सुट्टीत रोज येते, आणि माझ्याकडून पैसेच घेत नाही!"