सासरकडचा मोबाइल

"सासरीचा गं सांगावा, आला दारात पाहुणा, ओवाळून घ्यावा, बाई, त्याला परका म्हणू ना." आजीची जात्यावरची ही ओवी आईच्या कानात अजून होती. म्हणूनच साखरपुड्यानंतर मुलाकडून नवा मोबाइल आला, तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहून मगच तो लेकीच्या, मोहिनीच्या हाती दिला.

महिन्याने सोयरीक जुळवणारा मामा आला आणि मोबाइलची पारख सुरू झाली. "साडेसहा हजारांचा! आपली पोर काय उकिरड्यावर सापडली?"

"बॅटरी दोन दिवस टिकते रे, दादा," आईने सावरून घेतलं.

"फोटो बघ, धुक्यात काढल्यागत! बदलून मागू. मोहे, कसला हवा?"

मोहिनीने मामाच्या हातून मोबाइल घेतला. याच मोबाइलवर होणारा नवरा रोज विचारायचा, "क्लासमधून निघायला उशीर का? कोण होतं सोबत?" ती कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसावं, अशी सोय त्याने आधीच करून ठेवली होती. आई हौसेने रुखवतासाठी रुमाल विणत होती, म्हणून मोहिनीने आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"मोबाइल तासभर पारखलात, मामा," ती म्हणाली. "मुलगा बघायला चहापुरतेच बसलात. तो माझ्यावर पाळत ठेवतो. मला हे लग्न नको."