कुंपणाशी थांबणारी बासरी

गिधाडांचा अभ्यास करणाऱ्या निमगडे सरांना श्रद्धांजली वाहायला सगळे एटापल्लीजवळच्या माळावर जमले. इथंच कुंपणाच्या आत गावकरी मेलेली गुरं गिधाडांसाठी टाकत. सर सदा बासरी वाजवत, पण कुंपणाशी आले की ती गावातल्या नीलाबाईच्या हाती देत. “धरा बाई. हातात असली तं राहवत नाई, पाखरं बुजतात.” शेवटच्या खेपेला ती तिच्याकडेच राहिली. आज पहाटे नीलाबाईचा बैल मेला. घरचे म्हणाले, पुरून टाकू. तिनं तो सरांसाठी इथं आणला. सरांच्या विद्यार्थिनीनं स्पीकरवर त्यांच्याच बासरीचं रेकॉर्डिंग लावलं. सगळ्यांचे डोळे भरले. नीलाबाईनं मात्र वर पाहिलं. गिधाडं उतरत नव्हती. “बंद कर, पोरी.” “काऊन बाई? सरचीच बासरी हाय ना?” “हाय. पण इथी सरनं कधी वाजवली नाई.” स्पीकर थांबला. नीलाबाईनं बासरी पदरात घट्ट धरली. पहिलं गिधाड बैलावर उतरलं.