चौथी जागा

सर्बियाच्या संघातली चौथी, म्हणजे शेवटची जागा मिळवायला सेंकाला पिस्तुलाची एकच फेरी नीट पार पाडायची होती. त्या फेरीवर पंच होते तिचे वडील, रादिवोय. दुसरा पंच बोश्को त्यांना म्हणाला, "पोरीच्या वेळेला तरी तू बाजूला हो की रे."

सेंकाच हसली. "राहू द्या हो काका. बाबा आणि मला सूट देणार?"

धावत, गोळ्या झाडत ती लाकडी आडोशामागे वळली. तिच्या मागोमाग फक्त रादिवोय होते. "थांब!" ते ओरडले. पिस्तुलाची नळी मागे, माणसांच्या दिशेला फिरली होती, असा त्यांनी निर्णय दिला. त्याला माफी नसते. सेंका स्पर्धेतून बाद झाली.

"बाबा, खरंच फिरली?"

"मी पाहिली ना."

तिने पिस्तूल रिकामं केलं आणि रडत रडत त्यांनाच मिठी मारली. "तुम्हाला किती जड गेलं असेल!" बोश्कोने सगळ्यांदेखत डोक्यावरची टोपी काढली. "पंच असावा तर असा!"

संध्याकाळी फळ्यावर संघ जाहीर झाला. पंच मंडळी आपल्या फेऱ्या आदल्या दिवशीच खेळून मोकळी झाली होती आणि त्यांचे गुणही धरले गेले होते. चौथं नाव रादिवोयचं होतं.

सेंका फळ्यासमोरून हलेना. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

 

"तुझं काय गं, तुला अजून अख्खं आयुष्य पडलंय."