वाचलेले दहा मीटर

चाचणीच्या रस्त्यावर पन्नासदा गाडी पळवून ब्रेक-इंजिनियरने खात्री करून घेतली. ब्रेक दाबल्यावर चाळीस मीटरला थांबणारी व्हॅन नव्या ब्रेकमुळे तीस मीटरमध्येच थांबत होती. मग हट्टाने ते ब्रेक त्याने लेकीच्या शाळेच्या व्हॅनला बसवून घेतले आणि महिनाभर निर्धास्त झोपला.

आज शाळेच्या फाटकाशी व्हॅनवाले काका भेटले.

"काय काका, गाडी लवकर थांबते ना आता?"

"छे हो साहेब, थांबते तिथेच, मुलं रस्ता ओलांडतात त्या पट्ट्यांपाशी. पण पूर्वी अलीकडच्या विजेच्या खांबाजवळच ब्रेक दाबावा लागायचा, आता दहा मीटर पुढे जाऊन दाबतो. एक नंबर ब्रेक!"

इंजिनियरने घाईने विचारले, "आतली मुलं घाबरत नाहीत?"

"घाबरतात कसली! तुमचीच लेक पुढच्या सीटवरून ओरडते, 'काका, इतक्यात नका दाबू... अजून थोडं पुढे!'"