लग्नघराचं पाणी

"मांस धुवायचंय, तांदूळ धुवायचेत, आणि नळाला टिपूस नाही!" रुकियाने रिकामी बादली डेटा सेंटरच्या फाटकासमोर आपटली.

उद्या तिच्या लेकीचं, सुहैलाचं लग्न. मलेशियातल्या जोहोरच्या त्या गावात कार्याचा स्वयंपाक शेजारीपाजारी मिळून अंगणात करतात. बायका सकाळीच सुऱ्या घेऊन आल्या होत्या. कोरडा नळ बघून त्या तशाच तिच्यामागून फाटकावर आल्या. सेंटर सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. आतली यंत्रं थंड राहावीत म्हणून गावाने तापायचं, हा कुठला न्याय?

कंपनीचा हाझिक बाहेर आला. शर्टाला कडक इस्त्री, चेहऱ्यालाही.

"मावशी, टँकर पाठवतो ना."

"टँकर तुझ्या साहेबाच्या दारात लाव! मला माझ्या नळाला पाणी हवंय. ऐन लग्नात व्याह्यांसमोर नाक कापून घेऊ?"

"सेंटरचं पाणी कमी करता येत नाही, मावशी. माझ्या हातात नाही."

"मग कुठूनही आण! तोवर आम्ही हलत नाही."

शेजारची जुबैदा तर फाटकातच चटई अंथरून कांदे सोलायला बसली. आत जाणाऱ्या गाड्या खोळंबल्या, ड्रायव्हर डोळे पुसू लागले. रुकियाला मात्र हसूही येईना. एवढ्याशा गोष्टीसाठी रस्त्यावर बसावं लागतं, याचीच तिला चीड येत होती.

हाझिक बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परतला तो हसतच.

"दुपारी येईल पाणी. मग रस्ता मोकळा कराल?"

"आधी येऊ दे."

आणि आलं! दुपारी अंगणातला नळ खळखळून वाहू लागला. बायकांनी एकमेकींना चिंब भिजवलं.

"कंपनीला पाणी पाजलं ग बाई!" जुबैदा ओरडली.

रुकियाचा ऊर भरून आला. चुली पेटल्या, मोठ्या कढईत नारळाच्या दुधातलं मांसाचं रेंदांग रटरटू लागलं.

तेवढ्यात पलीकडच्या गावातून विहीणबाईंचा, नॉर्माचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"रुकिया, उद्या आमचं वऱ्हाड बिनआंघोळीचं येईल, नावं ठेवू नकोस. आणि परवा आमच्याकडचं जेवण, त्याचं काय करू? दुपारी एक माणूस आला आणि आमच्या गावाची मेन लाइन बंद करून गेला. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, पलीकडे कुणाच्या तरी घरी लग्न आहे."