अठरा भरलेल्या बाटल्या

ढोलपथक चौकात थांबलं तेव्हा मुलींच्या रांगेत एकोणीस ढोल होते आणि मागच्या टेम्पोत पाण्याच्या एकोणीस बाटल्या. अठरा गळ्यापर्यंत भरलेल्या.

गणपती मांडवात पोचेपर्यंत मुलींना बाथरूमला जायला कुठे जागा नसते. म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही, हे नव्या मुलीला ढोल कमरेला बांधायच्या आधी शिकवलं जातं. सृष्टीही शिकली होती. गेल्या वर्षी ती चक्कर येऊन ढोलासकट रस्त्यावर पडली. पथकप्रमुख दिग्विजयने या वर्षी बजावलं होतं : पुन्हा पडलीस, तर ढोल कायमचा बंद.

सृष्टीने आपली रिकामी बाटली टेम्पोतल्या कॅनमधून भरली, तिच्यात मीठ-साखरेची पुडी ओतली आणि तोंडाला लावली.

"पी, पी," शेजारची प्रियदर्शनी म्हणाली. "पुढच्या चौकात तुझ्यासाठी एसी बाथरूम बांधलंय ना!"

रांग हसली.

"लागणारच नाही मला."

"का? पाणी जातं कुठे तुझं?"

सृष्टीने कुडत्याची बाही पिळली. डांबरावर धार पडली.

"इथून. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघितलंय. तासात सातशे ग्रॅम कमी. तेवढंच प्यायलं, तर बाथरूमसाठी उरतं काय?"

"सातशे ग्रॅम? मग मी जिमचे पैसे कशाला भरते?"

"चरबी नाही गं. पाणी आहे ते."

शिट्टी झाली. बाटली पाठीला बांधून सृष्टी रांगेत उभी राहिली.

ऊन डोक्यावर आलं. प्रियदर्शनीचं टिपरू ठेक्याच्या मागे पडू लागलं. तिच्या पोटरीत गोळा आला होता. ठेका बदलायला पथक क्षणभर थांबलं, तेव्हा तिने सृष्टीकडे न बघता हात पुढे केला.

"दे. आणि हसलीस तर बघ."

मग टेम्पोतल्या बाटल्या हातोहात पुढे आल्या.

मांडवासमोर दिग्विजयने शेवटच्या ठेक्यासाठी हात वर केला. एकोणीस टिपरं एकदम उठली, एकदम पडली. समोरच्या दुकानाची काच थरथरली. रांगेत एकही जागा मोकळी नव्हती.

दिग्विजय सृष्टीसमोर येऊन थांबला. "उभी आहेस?"

"आणखी एक घेऊ या का, दादा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हात वर केला.

ढोल उतरले. मांडवाशेजारच्या अख्तरबानूंनी घराचं दार सताड उघडलं. "या गं पोरींनो, बाथरूम आत डावीकडे."

"तू जा आधी," प्रियदर्शनी म्हणाली.

"मला नाही लागलेली."

चार तासांत सृष्टी पावणेतीन लिटर पाणी प्यायली होती.